कीवचा म्हणून आलेला व्हिडिओ कुठला, कधीचा? इंदुरात बसून शोधायचं कसं?

रामबागकर
मंडळी, २०२२ पासून कॉलनीच्या ग्रुपवर युक्रेनचं युद्ध दुधाच्या पिशवीसारखं रोज सकाळी येतं. खरं की खोटं यावर नुसता वाद घालून हाती काही लागत नाही. मला धड पद्धत हवी आहे, शक्यतो फोनवर जमेल अशी.

नमुना म्हणून एका काकांनी काल ग्रुपवर टाकलेलाच घ्या. ३८ सेकंदांचा व्हिडिओ, वर लिहिलंय ‘कीव, आज सकाळचं’. चौकात निळी-पांढरी ट्राम उभी, मागे काळा धूर, डाव्या हाताला औषधाचं दुकान आणि त्याच्या पाटीवर फोन नंबर. झाडं हिरवी, लोक अर्ध्या बाहीत. आणि कॅलेंडरवर जानेवारी!

रात्रीचा_सराफा
जानेवारीत अर्ध्या बाह्या? भिया, हा कीवमध्ये नाही, आपल्या इंदूरच्या छप्पन दुकानवर काढलाय. केस बंद, पोहे मागवा.

रामबागकर
आजचा नाही हे मलाही दिसतं हो. पण ‘मग कुठला?’ असं ग्रुपवर कुणी विचारलं की तोंड बंद होतं.

नकाशेवेडा
क्रमाने जाऊ. आधी व्हिडिओ सेव्ह करा आणि ती फाइलच वापरा. स्क्रीन रेकॉर्डिंग केलंत की आधीच चुरा झालेलं चित्र आणखी बिघडतं. मग थांबवत थांबवत चार-पाच फ्रेम काढा. धुराच्या आणि आगीच्या फ्रेम घेऊ नका, सर्च इंजिनला जगातला सगळा धूर सारखाच. इमारतीचा कोपरा, पाटी, पूल, घुमट, ट्राम असं काही पक्कं हवं. वरचा मजकूर आणि चॅनलचा लोगो कापून टाका, नाहीतर सर्च त्या लोगोच्याच मागे लागतो.

मग प्रत्येक फ्रेम चित्रावरून शोध घेणाऱ्या तीन साइटवर टाकायची. पूर्व युरोपातल्या इमारती आणि चौक यांडेक्सला चांगले ओळखता येतात. पाटीवरचा मजकूर वाचायला गूगल लेन्स. आणि टिनआयवर ‘सर्वात जुनं आधी’ अशी क्रमवारी लावता येते, तिचा मोठा उपयोग. बेरूत बंदरातला ४ ऑगस्ट २०२० चा स्फोट आणि चीनमधल्या तियानजिनचा २०१५ चा स्फोट हे दोन व्हिडिओ प्रत्येक युद्धात नव्याने येतात. ते अशाने मिनिटभरात पकडले जातात. कॉम्प्युटर असेल तर इन्व्हिड नावाचं मोफत एक्स्टेन्शन क्रोममध्ये टाका, ते फ्रेम आपोआप काढून देतं.

काहीच सापडलं नाही तर फ्रेम आडवी उलटवून पुन्हा टाका. सर्चला चकवायला लोक व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटवतात. खूण सोपी आहे: युक्रेनमध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपल्यासारख्या डाव्या बाजूने दिसल्या तर एक तर देश दुसरा, नाहीतर व्हिडिओ उलटा.

ग्वाल्हेरचा_भाचा
फोटोच्या फाइलमध्येच जागा आणि वेळ असते ना? ती बघितली की झालं. एवढा खटाटोप कशाला?

नकाशेवेडा
@भाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून, मूळ फाइल पाठवली तरच राहते. तीही बदलता येते, त्यामुळे राहिली तरी तिच्यावर एकटीवर भिस्त नको. ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये तर शोधूच नका. तिथे एकच गोष्ट कामाची, वरचा दुहेरी बाण. म्हणजे मेसेज निदान पाच हातांतून आलाय.

छावणीकर
यांडेक्स रशियाचं. रशियाच्या युद्धाचे व्हिडिओ रशियाच्या कंपनीकडे तपासायचे? वा रे तपासणी.

नकाशेवेडा
यांडेक्सला ‘हे खरं आहे का’ असं आपण विचारतच नाही. हे चित्र आधी कुठे कुठे दिसलंय, एवढंच विचारतो. निकालात जे पान येतं ते उघडून तारीख आपण वाचायची. घरातल्या माणसांचे फोटो तिथे चढवू नका, हे मात्र खरं.

भूगोल_मास्तर
सावलीकडे कुणी बघत नाही याचं वाईट वाटतं.

कीव ५०.४५ अंश उत्तरेला, इंदूर २२.७ वर. २४ फेब्रुवारीला भर दुपारी कीवमध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर येतो, इंदुरात ५८. म्हणजे सहा फुटी माणसाची सावली तिथे साडेदहा फूट आणि इथे पावणेचार. २१ डिसेंबरला कीवमध्ये दुपारी बारालाही सूर्य १६ अंशांवरच, सावली वीस फुटांच्या पुढे. २१ जूनला तीच तीन फूट. (राजवाड्यासमोर त्या दुपारी सावली जवळजवळ पायाखालीच.) तेव्हा ‘डिसेंबर, कीव’ असं लिहिलेल्या व्हिडिओत माणसाची सावली त्याच्या उंचीहून आखूड दिसली तर पुढे बघायची गरज नाही.

सनकॅल्क नावाची साइट आहे. नकाशावर जागा निवडायची, तारीख आणि वेळ सरकवायची, सूर्य कुठल्या दिशेला आहे ते रेघ दाखवते. सावली बरोबर त्याच्या उलट. रस्ता कुठल्या दिशेला जातो ते नकाशावरून माहीत असलं तर सावलीवरून वेळ अर्ध्या तासाच्या आत बसते.

फसतं कुठे तेही सांगतो. उतारावर सावली खोटं बोलते. फोनच्या वाइड लेन्सने कडेच्या रेषा वाकतात, म्हणून मोजमाप चित्राच्या मध्यावर करा. आणि सूर्याची तीच उंची वर्षात दोनदा येते: २४ फेब्रुवारीचा सूर्य साधारण १८ ऑक्टोबरलाही तसाच असतो. तेव्हा झाडाची पानं बघायची. फेब्रुवारीत फांद्या उघड्या, ऑक्टोबरात पानं पिवळी.

रात्रीचा_सराफा
मास्तर, आमच्या वेळी भूगोलाचा तास असा असता तर पास झालो असतो.

बडोदेकर_वहिनी
सावलीआधी घड्याळ बघा. हिवाळ्यात युक्रेन आपल्या साडेतीन तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत अडीच तास. मॉस्को घड्याळ बदलत नाही, ते बाराही महिने अडीच तास मागे. त्यामुळे उन्हाळ्यात कीव आणि मॉस्कोची वेळ एकच, हिवाळ्यात तासाचा फरक. अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आणि टेलिग्राम, एक्स दोन्ही पोस्टची वेळ तुमच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दाखवतात. तिथे ‘सकाळी ८:४०’ दिसलं तर ते बडोद्याचं ८:४०, कीवमधलं पहाटेचं ५:१०. फेब्रुवारीअखेर तिथे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, म्हणजे आपले सव्वादहा-साडेदहा. समजा २४ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी नऊ वाजता फोनवर ‘आत्ताचा हल्ला’ आला आणि त्यात लख्ख ऊन आहे. तो कीवचा आत्ताचा असूच शकत नाही. पहिले स्फोट झाले ते आपल्या साडेआठच्या सुमारास, तिथे अंधार होता.

छावणीकर
हे सगळं ठीक. पण तपासणारे सगळे पाश्चात्त्य. रशियाचं खोटं पकडायचं आणि युक्रेनचं सोडून द्यायचं, हाच धंदा.

नकाशेवेडा
सोडून दिलं नाही, म्हणून तर आपल्याला माहीत आहे. एकट्याने रशियाची विमानं पाडणारा वैमानिक, ‘घोस्ट ऑफ कीव’, म्हणून फिरलेला विमानाचा व्हिडिओ डीसीएस वर्ल्ड या गेममधला होता, आणि असा कोणी एक वैमानिक नाही हे पुढे युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं. काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंडवरचे सगळे युक्रेनी सैनिक मेले असं खुद्द झेलेन्स्कींनी जाहीर केलं होतं. नंतर ते जिवंत निघाले, कैदेत होते.

छावणीकर
बघा, मी हेच म्हणतोय.

नकाशेवेडा
मग कीवजवळचं बुचाही घ्या. रशियन फौज ३० मार्च २०२२ च्या सुमारास निघून गेली. एप्रिलच्या सुरुवातीला रस्त्यावरच्या प्रेतांचे व्हिडिओ आले. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचं म्हणणं, आम्ही गेल्यावर हा देखावा मांडला. मॅक्सार या अमेरिकन कंपनीची मार्चमधली उपग्रहचित्रं काढून बघितली तर याब्लुन्स्का रस्त्यावर त्याच जागी त्याच आकाराचे काळे ठिपके आहेत, गाव रशियनांच्या ताब्यात असतानाचे. व्हिडिओतल्या गाड्या, खांब, फुटपाथ धरून एकेक जागा जुळवली गेली. सावली, घड्याळ, नकाशा यांना बाजू नसते. बाजू माणसाला असते, तुमच्या-माझ्यासकट.

ग्वाल्हेरचा_भाचा
गेमचे व्हिडिओ ओळखायचे कसे? रात्रीचे तर हुबेहूब वाटतात.

नकाशेवेडा
रात्रीचे असतात ते त्यासाठीच. आर्मा ३ हा गेम बनवणारी बोहेमिया इंटरॅक्टिव्ह ही चेक कंपनी. आपलाच गेम युद्धाच्या बातम्यांत दिसू लागल्यावर तिने नोव्हेंबर २०२२ मध्ये खुणा जाहीर केल्या. चित्र मुद्दाम अंधुक, कॅमेरा मुद्दाम हलवलेला, आवाज बहुतेक नाहीच, माणसं हलताना जवळजवळ दिसत नाहीत, धूर आणि धूळ अनैसर्गिक. मी एक जोड देतो: स्फोटानंतर जमिनीवरच्या वस्तूंकडे बघा. खऱ्या स्फोटात पत्रे, पानं, तारा, धूळ वेगवेगळ्या वेगाने हलतात. गेममध्ये आग भडकते आणि शेजारचं झाड ढिम्म.

भूगोल_मास्तर
आवाजही मोजता येतो. चमक दिसल्यापासून धमाका ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. स्फोट दोन किलोमीटर दूर दिसतोय आणि आवाज चमकेबरोबर आला, तर आवाज मागून चिकटवलाय. फक्त लागोपाठ स्फोट असतील तर पहिल्याची चमक आणि दुसऱ्याचा आवाज अशी जोडी लावून बसू नका. सीसीटीव्हीला बहुधा आवाज नसतो, तेव्हा त्याला मागून संगीत असेल तर ते कुणाचं तरी कर्तृत्व.

मालवी_शेतकरी
ते आगीचे लाल ठिपके दाखवणारा नासाचा नकाशा कोणी वापरतं का? मुलगा म्हणतो त्यात युद्ध दिसतं.

नकाशेवेडा
फर्म्स. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. उपग्रहाला जमिनीवर उष्णता दिसली की ठिपका. विर्स या उपकरणाचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, मोडिसचा किलोमीटरचा. साधारण तीन तासांत माहिती चढते. आघाडीवर ठिपक्यांची सलग माळ दिसते, ती तोफखान्याची. पण ठिपका स्फोट सांगत नाही, नुसती उष्णता सांगतो.

मालवी_शेतकरी
म्हणजे आम्ही जाळतो ती नरवाई, गव्हाची धसकटं, पण दिसेल!

नकाशेवेडा
दिसतेच. एप्रिलमध्ये सिहोर-विदिशावर नकाशा उघडा, गहू काढल्यावर जाळलेल्या नरवाईने सगळा पट्टा लाल असतो. परक्या माणसाला वाटेल भोपाळवर हल्ला झालाय. युक्रेनही गव्हाचा देश आहे, तिकडे कापणी जुलै-ऑगस्टमध्ये. त्या महिन्यांत आघाडीपासून दूर, शेतात विखुरलेले ठिपके दिसले तर शेतकरी. ढगाळ दिवशी ठिपकेच नसतात, त्याचा अर्थ शांतता असा काढू नका.

बडोदेकर_वहिनी
उपग्रहाचे फोटो फुकटात बघायचे तर कोपर्निकस ब्राउझर ही युरोपची साइट. तिथला सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतो, एक बिंदू १० मीटरचा. रणगाडा दिसणार नाही, पण जळालेला तेलडेपो, पडलेला पूल, पूर दिसतो. सरावासाठी काखोव्का धरण घ्या. ६ जून २०२३ ला फुटलं. मेअखेरचं चित्र आणि जुलैचं चित्र शेजारी ठेवा. साधारण १८ घन किलोमीटर पाणी धरणारा तलाव, म्हणजे आपल्या नर्मदेवरच्या इंदिरा सागरच्या दीडपट, आणि जुलैत नुसता गाळ. हिवाळ्यात युक्रेनवर आठवडेच्या आठवडे ढग असतात. तेव्हा सेंटिनेल-१ बघायचा, तो रडारने ढगातून बघतो. त्याचं काळं-पांढरं चित्र वाचायला डोळा तयार करावा लागतो.

छावणीकर
आणि कुठला भाग कुणाच्या ताब्यात ते दाखवणारे रंगीत नकाशे? रोज कुणी ना कुणी जिंकतंय.

नकाशेवेडा
इथे तुमच्याशी सहमत. लाइव्हयुआमॅप, डीपस्टेट, आयएसडब्ल्यू, तिघांच्या नकाशांत फरक असतो कारण तिघांचे निकष वेगळे. मार्च २०२२ मध्ये रशियाचा म्हणून रंगवलेला कितीतरी भाग म्हणजे प्रत्यक्षात रस्त्यांवर उभी वाहनं होती, मधल्या शेतांत कोणी नव्हतं. कीवच्या उत्तरेचा तो ६४ किलोमीटरचा ताफा आठवा, २८ फेब्रुवारीच्या मॅक्सारच्या चित्रांतला. लोकांनी त्याचा अर्थ उद्या कीव पडणार असा केला. चित्रात ताफा दिसतो, त्याचं डिझेल किती उरलंय ते दिसत नाही.

फुटलेल्या रणगाड्यांच्या आकड्यांचंही तसंच. ओरिक्स या साइटची यादी फक्त फोटो असलेलं वाहन धरते, म्हणून तो आकडा ‘निदान इतके’ असा वाचायचा. शिवाय फोटो कोण काढतो? ज्याच्या हाती मैदान राहिलं तो. माघार घेणारा स्वतःच्या फुटलेल्या गाड्यांचे फोटो काढत बसत नाही.

रात्रीचा_सराफा
निळी टिकवाले तर रोज ब्रेकिंग देतात.

नकाशेवेडा
एप्रिल २०२३ मध्ये एक्सने जुन्या मोफत टिका काढल्या. तेव्हापासून निळी टिक म्हणजे बहुतेक वेळा पैसे भरलेत, एवढंच. वर व्ह्यूजवर कमाईही होते. ‘ब्रेकिंग’ लिहून जागा आणि वेळ न देणाऱ्याला म्यूट करा, फीड निम्मं होईल.

इंदूरची_मावशी
हे सगळं मजा म्हणून ठीक आहे. ज्यांची मुलं तिकडे एमबीबीएसला होती त्यांच्या घरी २०२२ मध्ये याच फॉरवर्डने जीव टांगणीला लागला होता. भारतीयांसाठी सहा तास युद्ध थांबवलंय, असा मेसेज आला होता. खरा होता का?

बडोदेकर_वहिनी
मावशी, नव्हता. २ मार्चला वकिलातीने खार्किव्ह ताबडतोब सोडा, पेसोचिन, बाबाये किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा, गाडी नसेल तर चालत जा, युक्रेनच्या सहा वाजेपर्यंत पोचा, असं कळवलं. त्यावरून कुणीतरी ‘सहा तास युद्धबंदी’ शिजवली. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी, आपल्यासाठी कोणी बॉम्बफेक थांबवली हे म्हणणं चूक आहे, असं पत्रकार परिषदेत स्पष्ट केलं.

घरचं माणूस तिकडे असेल तेव्हा व्हिडिओ तपासत बसू नये. वकिलातीचं पान, मंत्रालयाचं पान आणि मुलाचा स्वतःचा मेसेज, बस. आणि सूचनेतली ‘सहा’ ही तिथली वेळ, आपले साडेनऊ. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावावं.

छावणीकर
मे २०२५ मध्ये आपल्याकडेही हेच झालं. गुजरातेत तर हजीरा बंदर उडवलं म्हणे.

बडोदेकर_वहिनी
तो व्हिडिओ २०२१ चा होता, सरकारच्या पीआयबीने दुसऱ्या स्फोटाचा म्हणून सांगितलं. त्याच दिवसांत सैन्याच्या हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असंही सरकारने बजावलं होतं. युक्रेनने मार्च २०२२ मध्ये त्यासाठी कायदाच केला. म्हणून तिकडून येणाऱ्या व्हिडिओंत बऱ्याचदा जागा मुद्दाम धूसर केलेली असते. धूसर केलंय म्हणजे बनावट, असं नाही.

रामबागकर
मूळ मुद्द्यावर येऊ का? पाटी मोठी करून बघितली. फोन नंबर कंसात ०४३२ ने सुरू होतो. पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या नंबरप्लेटवर डावीकडे निळी पट्टी, पहिली दोन अक्षरं ए-बी. पाटीवर एक अक्षर अगदी इंग्रजी आयसारखं, डोक्यावर टिंब असलेलं.

नकाशेवेडा
हे आधी सांगायचंत की! टिंबवालं अक्षर युक्रेनियनमध्ये आहे, आजच्या रशियनमध्ये नाही. कीवचा कोड ०४४, खार्किव्ह ०५७, ओडेसा ०४८, ल्विव्ह ०३२. आणि ०४३२ म्हणजे विनित्सिया, कीवच्या नैर्ऋत्येला. ए-बी हीही विनित्सियाचीच प्लेट, कीव शहराची ए-ए. गाडी कुठलीही कुठेही जाते, पण दुकान जागेवर असतं, म्हणून कोडला वजन जास्त.

मेट्रोत_बसलेला
ट्राम निळी-पांढरी ना? विनित्सियाला स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराने वापरलेल्या ट्राम २००७ पासून दिल्या, रंगही झुरिकचाच राहिला. जुळतंय.

नकाशेवेडा
ट्रामचा रंग एकटा असता तर मानला नसता, कोडबरोबर मानतो. आता ओपनस्ट्रीटमॅपवर विनित्सिया उघडा. ट्रामचे रूळ काढलेले असतात, म्हणजे रुळांलगतचे चौक तेवढे बघायचे. तिथे औषधाच्या दुकानाची खूण शोधा, मग गूगल स्ट्रीट व्ह्यू. तिथली चित्रं जुनी असतात. पाट्या बदलतात, म्हणून बाल्कन्या, खिडक्यांची संख्या, छताचा उतार, विजेचे खांब जुळवा. निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय ‘सापडलं’ म्हणू नका.

भूगोल_मास्तर
हिरवी झाडं, आखूड सावली, विनित्सिया. १४ जुलै २०२२ ला सकाळी भर शहरात क्षेपणास्त्रं पडली, वीसहून जास्त माणसं गेली. पण आधी तारीख ठरवून मग पुरावा शोधू नका. टिनआयवर सर्वात जुनी पोस्ट कुठली ते बघा.

रामबागकर
खिडक्या, बाल्कनी, खांब जुळले. टिनआय रिकामं. यांडेक्सवर तिसऱ्या फ्रेमला सर्वात जुनं पान १४ जुलै २०२२ चं, त्याआधीचं एकही नाही. ग्रुपवर टाकतो: ‘हा व्हिडिओ फेक आहे. कीव नाही, विनित्सिया. आजचा नाही, १४ जुलै २०२२ चा.’

बडोदेकर_वहिनी
‘फेक’ काढा. व्हिडिओ खरा आहे, त्यात खरी माणसं मेली आहेत. चुकीची आहे ती वरची ओळ. आणि जुन्या पोस्टची लिंक जोडा, काका पुरावा मागतील.

रात्रीचा_सराफा
काका पुरावा मागणार नाहीत. काका आता विनित्सियाचे आणखी चार पाठवतील.

नकाशेवेडा
पाठवू दे. फक्त डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, चुरा कमी होतो.